आबांचा विमानातला कॅमेरा

साठी उलटलेल्या बाईनं भावजयीवर जळणं बरं दिसत नाही, असं माझा नवरा म्हणतो. बरं दिसत नाही हे मलाही कळतं. मुलींच्या शाळेत चित्रकलेची बाई म्हणून मी आयुष्य काढलं. एकीच्या चित्राला शाबासकी दिली की शेजारच्या बाकावरचं तोंड कसं उतरतं, ते रोज बघितलं. तेव्हा मी त्या मुलींची समजूत काढायची. आता कुणी माझी समजूत काढायला लागलं की मी त्याला म्हणते, तुम्ही चहा घ्या आणि पेपर वाचा.

कारण आहे एक कॅमेरा. गळ्यात अडकवायचा नव्हे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या विमानाच्या पोटात बसवलेला, खालची जमीन टिपत जाणारा कॅमेरा. काळ्या रंगाचा धातूचा खोका, खालच्या बाजूला वाटीएवढी जाड काच, वर फिल्मचा डबा, आणि एका अंगाला मोटर जोडायची जागा. वजन पाण्यानं भरलेल्या घागरीइतकं. त्याला डोळा लावून बघायला भोक नाही, कारण त्यातून कुणी बघायचंच नव्हतं. वैमानिक आपल्या जागेवरून बटण दाबायचा आणि हा खाली बसून फोटो काढत राहायचा. फोकस करायची सोयही नाही. लांबचं तेवढं स्वच्छ येतं, जवळचं सगळं धूसर.

हा कॅमेरा आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. बिंदू चौकाच्या अलीकडं त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लढाई संपल्यावर असला माल भंगाराच्या भावात निघाला आणि फिरत फिरत पुण्याच्या जुन्या बाजारात आला. तिथून आबांनी तो तरुणपणी एसटीतून मांडीवर धरून कोल्हापुरात आणला. त्या काळात बऱ्याच स्टुडिओवाल्यांनी अशा कॅमेऱ्यांच्या लेन्स काढून आपल्या लाकडी कॅमेऱ्यांना बसवल्या आणि उरलेला सांगाडा मोडीत घातला. आबांनी त्याचा एक स्क्रूसुद्धा काढला नाही. काचेच्या कपाटात, सगळ्यांना दिसेल असा ठेवून दिला. पासपोर्ट फोटोला आलेला माणूस टाय सारखा करता करता विचारायचा, "आबा, ह्यो काय, बाँब हाय का?" आबा म्हणायचे, "ह्यानं ब्रह्मदेश बघितलाय." कॅमेरा ब्रह्मदेशात गेल्याचा पुरावा त्यांच्याकडं काहीही नव्हता. पण ते अशा थाटात म्हणायचे की गिऱ्हाईक टाय सोडून आधी कॅमेऱ्याला नमस्कार करायचं.

शाळा सुटली की मी स्टुडिओत असायची. काउंटरवर बसायचं, फोटोंच्या नक्षीदार कडा कापायच्या, पाकिटं भरायची, आणि "फोटो झाला का" म्हणून आलेल्यांना उद्या या म्हणून सांगायचं. सगळ्याला हात लावायची मुभा होती, त्या कॅमेऱ्याला नव्हती. "हात लावू नको, बोटाचं डाग पडत्यात," एवढंच आबा म्हणायचे. धाकट्या भावालाही तेच सांगितलं असतं, पण त्याला कॅमेऱ्याचं काही पडलेलंच नव्हतं. तो कॉलेज झाल्यावर शिरोलीच्या फाउंड्रीत लागला आणि लोखंडात रमला. त्यामुळं मी मनाशी एक हिशेब बसवून टाकला होता. मला नाही तर नाही, पण दुसऱ्या कुणालाही नाही. या हिशेबावर माझी इतकी वर्षं सुखात गेली.

आई गेल्यावर तिच्या नावावरचं घर भावाच्या नावावर करायचं ठरलं. बहिणीनं हक्कसोड करून द्यायची आमच्याकडं रीतच आहे. मी गेले, सही केली, आणि परत येताना रंकाळ्यावर थांबून भेळ खाल्ली. घर गेलं म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही की भेळ तिखट लागली नाही. त्या दिवशी कॅमेरा माझ्या मनातसुद्धा आला नाही. तो आबांचा होता, आणि आबा चांगले खणखणीत होते.

भावजय गडहिंग्लजकडची. तिच्या माहेरी निम्मं बोलणं कानडीत चालतं. मला ती आक्का म्हणते आणि आबांना मामा. आवाज असा की ती घरात भाजीवाल्याशी फोनवर बोलली तर गल्लीतल्या भाजीवाल्यानं मान वर करावी. एका खाजगी दवाखान्यात ती एक्स-रे काढायचं काम करते. सून म्हणून पुष्कळ वर्षं ती आणि आबा आपापल्या जागी होते. ती चहा द्यायची, गोळ्या द्यायची, ते घ्यायचे. मला तिच्याबद्दल तक्रार करायला जागा नव्हती आणि मी ती शोधलीही नव्हती.

मग दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. आबांचे डोळे गेले, म्हणजे पुरते गेले नाहीत, मधोमध गेले. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा त्यांना दिसत नाही, त्याच्या कानामागची भिंत मात्र दिसते. डॉक्टर म्हणाले, हे थांबवता येईल थोडंफार, परत आणता येणार नाही. आणि भावजयीच्या दवाखान्यात एक्स-रे संगणकावर निघायला लागले. जुन्या फिल्मचे खोके मुदत संपून पडले होते. ते फेकून द्यायचे ठरले, तेव्हा तिनं डॉक्टरांना विचारलं आणि घरी घेऊन आली.

तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण मी तिथंच बसले होते. माझ्या हातात चहाचा कप होता. स्टुडिओ बंद झाल्यापासून तो कॅमेरा आबांच्या खोलीतल्या कपाटावर असायचा, वर जुना टॉवेल टाकून. भावजय आत आली, स्टुलावर चढली, टॉवेल काढला आणि कॅमेरा सरळ दोन्ही हातांनी उचलला.

"मामा, ह्यात किती रुंद फिल्म बसती?"

मी आबांच्या तोंडाकडं बघत राहिले. आता म्हणतील, हात लावू नको.

"खालनं धर," आबा म्हणाले. "पट्टा कुजलाय, त्याला धरलंस तर पायावर पडंल."

मी कप खाली ठेवला. चहात साखर कमी होती असं काहीतरी मी बोलले असेन. त्या दोघांनी ऐकलं नाही. तिनं कॅमेरा आबांच्या मांडीवर ठेवला होता, आणि आबा बोटांनी चाचपत तिला सांगत होते, इथं दाब, इथं उघडतं, हा डबा फिरवून निघतो. इतक्या वर्षांत मला तो डबा निघतो हेसुद्धा माहीत नव्हतं.

पुढं त्यांच्या घरचं न्हाणीघर म्हणजे स्टुडिओच झाला. एक्स-रेच्या फिल्मला लाल उजेड चालतो, म्हणून तिथं लाल दिवा बसवला. भाजीचे प्लॅस्टिकचे ट्रे आले. ती फिल्म कापायची, कॅमेऱ्याच्या डब्यात एकेक तुकडा चिकटवायची. आबा शेजारी स्टुलावर बसून आवाजावरून सांगायचे, शटरचा पडदा नीट सरकला का अडकला. अडकलेला पडदा तिनं शिलाई मशीनचं तेल घालून सोडवला. गच्चीवरून जोतिबाच्या डोंगराचे फोटो काढून झाले. पहिले सगळे काळे आले. मग राखाडी आले. मग एकदा डोंगर आला, आणि दोघं लहान पोरांसारखी ओरडली म्हणे. म्हणे, कारण मी तिथं नव्हते. मला भावानं सांगितलं, तेही पुरणपोळीचा घास तोंडात असताना.

मी माहेरी जाऊ लागले, आधी जात होते त्यापेक्षा जास्त. राजारामपुरीतून मंगळवार पेठ म्हणजे लांब नव्हे. पण गेलं की दार भावजय उघडायची, हात पदराला पुसत म्हणायची, "बसा की आक्का, चा टाकतो." बसा की. माझ्या माहेरात मला बसा की. मी बसायची, आणि आतून आबांचा आवाज यायचा, "हालव, ट्रे हालव, थांबू नको." इतकं मोकळं मी त्यांना स्टुडिओतसुद्धा बोलताना ऐकलं नव्हतं.

एकदा मी आत घुसलेच. ओली फिल्म ती उजेडासमोर धरून आबांना सांगत होती. "हे बघा मामा, डाव्या अंगाला झाड हाय. पिंपळ असंल. त्याच्याफुडं टाकी. टाकीवर दोन कावळं." आबा मान हलवत होते, त्यांना सगळं दिसत असल्यासारखी. मी म्हटलं, बघू. फिल्म हातात घेतली आणि म्हटलं, "पिंपळ नाही आबा, हा वड आहे. आणि कावळे नाहीत, पारवे आहेत."

"वड कसा असंल तिथं?" आबा म्हणाले. "तिथं वड न्हाय."

"मला दिसतोय."

"तिला पिंपळ दिसला न्हवं? मग पिंपळ."

मी चित्रकला शिकवली आहे. पिंपळाचं पान आणि वडाचं पान मी फळ्यावर शेकडो वेळा काढलं आहे. पण आबांचे डोळे ती झाली होती, आणि आपल्या डोळ्यांवर कोण संशय घेतो. मी तिथून निघाले ते घरी येईपर्यंत तो वडच होता हे स्वतःला सांगत आले.

मग खंडेनवमी आली. आमच्या स्टुडिओत खंडेनवमीला सगळे कॅमेरे पाटावर मांडायचे, झेंडू, हळदकुंकू, नारळ. शस्त्रं असतील तर शस्त्रं, नाहीतर ज्याच्यावर पोट भरतं ते पुजायचं. आबांच्या मते विमानातला कॅमेरा दोन्ही होता, म्हणून त्याला पाटाच्या मधोमध मान. पूजा नेहमी आबा करायचे. स्टुडिओ बंद झाल्यावरही घरी करायचे. त्या दिवशी मी माहेरी असतेच, त्यासाठी मला बोलवावं लागत नाही.

या वेळी आबा पाटापुढं बसले आणि हात मांडीवर ठेवून म्हणाले, "पूजा तू कर."

मी पदर खोचून पुढं सरकले. म्हटलं, दिसत नाही त्यांना, साहजिकच आहे. एवढ्यात भावजय हळदकुंकवाची कोयरी घेऊन त्यांच्या शेजारी बसलीसुद्धा.

"आबा, कुणाला सांगितलंत?" मी विचारलं.

"हिला. जो हाताळतो त्यानं पुजायचं. फाउंड्रीत लेथची पूजा मालक करतो काय?"

भाऊ म्हणाला, "न्हाय, लेथवाला करतो." हा माझा भाऊ. एरवी तोंडातून शब्द निघत नाही.

ती बिचारी भक्तिभावानं करत होती, तेच मला बघवत नव्हतं. बाहेरून हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, आणि मग तिनं कॅमेऱ्याचा वरचा डबा फिरवून काढला. "खरं काम आतलं करतंय, आतबी लावू दे," म्हणाली, आणि चिमूटभर कुंकू आत सोडलं. मी म्हटलं, "अगं, आत नको, फिल्मला लागेल." आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. तिला म्हाईत हाय." मी मागं सरकले. त्यांचं दोघांचं ठरलेलं होतं, मध्ये मी कोण.

दिवाळीच्या आधी एका रविवारी सकाळी मी गॅसजवळ चकल्या तळत होते. फोन वाजला. आमच्या घरच्या ग्रुपवर भावानं फोटो टाकले होते. पन्हाळा. सज्जा कोठीच्या बाजूचा कडा, खाली उन्हात पसरलेली कोडोलीकडची शिवारं. कठड्याला लागून स्टूल, स्टुलावर कॅमेरा, खाली तोंड करून वाकवलेला. विमान नाही म्हणून गड. एका फोटोत आबा डोक्यावरून घोंगडी घेऊन बसलेले, आणि त्याच घोंगडीत भावजयीचे दोन्ही हात कोपरापर्यंत, आतल्या अंधारात फिल्म बदलणारे. दुसऱ्या फोटोत तिचं बोट खटक्यावर आणि आबांचा हात तिच्या खांद्यावर. भावानं खाली लिहिलं होतं, आज आबांचं विमान पन्हाळ्यावर उतरलं. वाडीच्या आत्यानं हात जोडलेली चित्रं टाकली. मावसभावांनी अंगठे दाखवले.

मी "छान" लिहिलं. तो एक शब्द लिहीपर्यंत चकल्यांचा एक घाणा करपला.

दुपारी भावजयीला फोन केला. मला का सांगितलं नाही, असं विचारायचं नव्हतं, पण तेच विचारलं.

"आक्का, तुमचं गुडघं दुखत्यात न्हवं. तिथं चढउतार लई. म्हणून म्हटलं उगंच कशाला तरास."

पंच्याऐंशीच्या घरातला माणूस, ज्याला समोरचा दगड दिसत नाही, तो पन्हाळ्यावर गेला. आणि माझे गुडघे दुखतात. मी फोन ठेवला आणि माझ्या गुडघ्यांना शिव्या दिल्या. खरं तर त्यांनी काही केलं नव्हतं.

दोन दिवसांनी ती फिल्म बघायला गेले. कागदावर काढलेला फोटो टेबलावर होता. खरं सांगते, सुरेख होता. उसाचे चौकोन, मधून गेलेली पाणंद, लांब एका शेतात जाळलेल्या पाचटाचा धूर. पण आभाळापासून खालपर्यंत सगळीकडं काळे ठिपके. बारीक, टोचलेले. कुंकवाचे कण फिल्मवर जाऊन बसले होते आणि त्या जागी उजेड पोचलाच नव्हता.

मला किती बरं वाटलं ते लिहायला लाज वाटत नाही. आतून गार वाटलं. "मी सांगितलं होतं," मी म्हटलं. "आत लावू नको म्हणून."

"व्हय की," भावजय म्हणाली. ती खट्टू झाली होती. "मामा, सगळ्या फोटूवर कुंकू सांडलंय बघा. माझंच चुकलं."

आबा हसायला लागले. पोट धरून हसले. "देवाचं लागलंय, आता आणि काय पायजे," म्हणाले. "फुडच्या टायमाला पुसून नेऊ." आणि त्यांनी हात पुढं केला, तो तिच्या डोक्यावर पडला. मी शेजारीच उभी होते. 

तेव्हाच मी ठरवलं.

भाऊबीजेला भावाला ओवाळलं. तो दरवर्षी साडी आणतो आणि रंग दरवर्षी चुकतो. या वर्षीही पिशवी हातात घेऊन उभा होता. मी म्हटलं, "साडी नको. ओवाळणीत मला तो कॅमेरा दे."

 भावजय करंज्यांचं ताट घेऊन दारात थांबली.

"आक्का, माझा कुठं हाय तो?" भाऊ म्हणाला. "आबांचा हाय."

मी आबांकडं वळले. मी तयारी करून आले होते. काउंटरवर बसलेली सगळी वर्षं, कापलेल्या सगळ्या कडा, हक्कसोडीवरची सही, चित्रकलेत आलेला माझा पहिला नंबर. सगळं ओळीनं बोलायचं होतं. ते नाही म्हणतील, मी रडेन, ते चिडतील, मग मी आणखी बोलेन. कित्येक रात्री मी हे भांडण मनात भांडले होते, आणि त्यातलं एकही वाक्य वाया जाऊ द्यायचं नव्हतं.

"घे की," आबा म्हणाले.

एवढंच. आणि करंजीसाठी हात पुढं केला.

 ज्या वस्तूवर त्यांनी आयुष्यभर माझं बोट पडू दिलं नाही, ती वस्तू त्यांनी घे की म्हणून दिली. एका परीनं मला हवं तेच झालं होतं. मी भावजयीकडं बघितलं. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.  ताट ठेवून ती आत गेली. आत जाऊन रडत असेल, असं मला वाटलं, आणि वाटून बरं वाटलं.

ती रडत नव्हती. बाहेर आली तेव्हा हातात हळदकुंकू, तांदूळ, नारळ आणि खण होता. मागून भावानं कॅमेरा आणला. तो तिनं आपल्या मऊ सुती साडीत गुंडाळला होता.

"बसा आक्का, ओटी भरतो."

मी पाटावर बसले, पदर पसरला. तिनं कुंकू लावलं, तांदूळ घातले, नारळ आणि खण घातला. मग दोन्ही हातांनी कॅमेरा उचलून माझ्या ओटीत ठेवला. मांडीवर इतकं वजन आलं की मी मागं कलले.

"खालनं धरा," ती म्हणाली. "पट्ट्याला धरू नका, कुजलाय."

ते ऐकलं आणि माझ्या सगळं ध्यानात आलं. ओटी भरते ती घरची बाई असते, आणि जिची भरली जाते ती दुसऱ्या घरची. मी हक्कानं मागितला होता, मला माहेरवाशिणीचा आहेर मिळाला होता. आणि तो द्यायचा अधिकार कुणाचा, यावर त्या घरात कुणालाच शंका नव्हती. मलाही राहिली नाही. मी वाकून आबांच्या पाया पडले. ते माझ्या कानामागच्या भिंतीकडं बघून "सुखी ऱ्हा" म्हणाले.

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि विचारलं, "मावशी, नवा मिक्सर घेतला काय?" मी व्हय म्हटलं.

घरी टीव्हीच्या शेजारी जागा केली. नवऱ्यानं पेपर खाली केला, कॅमेऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आता?" त्यानं विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, आता काय, आहे.

रोज दुपारी मी त्याच्यासमोर बसायची. डबा फिरवून काढायला गेले तर निघेना. बाजूची कळ दाबली तर आत खट् झालं आणि नंतर काहीच होईना. धूळ पुसली, डब्याच्या फटीत अडकलेलं कुंकू मऊ कुंचल्यानं काढलं. आलेल्यांना दाखवला. शेजारीण म्हणाली, "फ्लॉवरपॉट ठेवलात तर शोभंल वर." मी आबांच्या फोनची वाट बघत होते. त्यांनी कॅमेरा परत मागावा, आणि मी देऊ नये, एवढं तरी व्हावं असं मला वाटत होतं. फोन आला नाही. शेवटी मीच केला.

"आबा, कॅमेरा बरा आहे."

"त्याला काय हुतंय. लढाईतनं आलाय."

"या की इकडं. आमच्या गच्चीवरनं काढू. इथनं टेंबलाईची टेकडी दिसते."

"फिल्म हाय तुझ्याकडं?"

"नाही."

"लाल दिवा?"

"आणते."

"आणि भरणार कोण? तुला येती भरायला?"

 आबांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी परतवला असता.

"तुझ्याकडं नुस्ता कॅमेरा हाय गं," ते म्हणाले. "बाकी समदं हिकडं हाय."

पलीकडं कुणीतरी नळ सोडला, बंद केला. मग ते म्हणाले, "आभाळ निवळलंय म्हणती ही. एकदा परत जायचं हुतं पन्हाळ्याला. उजेड-अंधार तरी कळतोय तवर. पण असूंदे. तुझा हाय आता."

 मी म्हटलं, "आणते की. मी येते घेऊन."

"तुला जड व्हईल. हिला पाठवतो रिक्षा घिऊन."

"तिला नको पाठवू," मी म्हटलं. लहानपणानंतर आबांना मी पहिल्यांदाच एकेरीत बोलले. "मीच आणणार."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅमेरा घेऊन मंगळवार पेठेत रिक्षातून उतरले, तेवढ्यात समोरून भावजय आली. दवाखान्यातून सुटून, खांद्याला पर्स, हातात मेथीची जुडी. मला बघून धावत आली. "आक्का, द्या हिकडं, जड हाय."

"राहू दे."

"अवो, गुडघं—"

"राहू दे म्हटलं ना."

तिनं दार उघडून धरलं. मी कॅमेरा खालून धरून उंबरा ओलांडला. गुडघे खरोखरच दुखत होते आणि मी ते तिला दिसू देणार नव्हते. न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं, फटीतून लाल उजेड येत होता. आत आबा स्टुलावर बसून ट्रे विसळत असावेत, पाण्याचा आवाज येत होता. बाहेरच्या दाराचा आवाज झाला तसा तो थांबला.

"आलीस का गं?" आतून त्यांनी विचारलं.

ही तिची ड्यूटीवरून यायची वेळ. ते रोज या वेळेला कुणाला विचारतात हे मला चांगलं माहीत होतं. भावजयीनं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "आले, आबा."